एएस/४०० चे मेल कधी जातात, कधी जात नाहीत: @ च्या जागी § बसण्याची भानगड

सकाळी साडेनऊला डिस्पॅचमधून फोन.

"सर, काल संध्याकाळची तिन्ही चलनं कस्टमरला मेल झालेली नाहीत. गाडी त्यांच्या गेटवर उभी आहे, आत घेत नाहीयेत."

"पत्ता बरोबर टाकलाय का ताई?"

"अहो, मीच टाकलाय. आत्ताही समोर दिसतोय. या आणि बघा."

गेलो, बघितलं. पत्ता बरोबर होता, @ सकट. परत माझ्या टेबलावर येऊन तेच रेकॉर्ड उघडलं, तर @ च्या जागी §. कायद्याच्या पुस्तकात कलमाच्या आकड्याआधी छापतात तो. मशीन एक, फाइल एक, रेकॉर्ड एक, आणि दोन स्क्रीनवर दोन वेगळी चिन्हं.

आमच्याकडे हे पाचव्यांदा होत होतं. आधीच्या चारही वेळा मी माझ्या स्क्रीनवरून § खोडला, @ टाकला, मेल पुन्हा सोडला आणि चहाला गेलो. चूक माझीच. रेकॉर्ड दुरुस्त झालं, पण ते बिघडवणारी गोष्ट तशीच राहिली, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी तोच फोन. पाचव्या वेळी मात्र दोन दिवस खर्चून मुळापर्यंत गेलो. तुमच्याकडे जुनं एएस/४०० (आयबीएमचं कंपन्यांसाठीचं सर्व्हर मशीन) असेल, त्यातून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज किंवा दुसऱ्या एखाद्या मेल सर्व्हरकडे मेल जात असतील आणि ते 'मधूनच' अडकत असतील, तर पुढचं वाचा.

आधी आमची मांडणी सांगतो. कारखाना चाकणला, मूळ कंपनी जर्मनीतली. पुण्याच्या आसपास असे कारखाने भरपूर आहेत, त्यामुळे हे दुखणं एकट्या माझं नसणार. आयबीएमने १९८८ साली एएस/४०० बाजारात आणलं, २००० साली त्याचं आयसिरीज झालं, मग सिस्टीम आय, आणि २००८ पासून त्याच ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात. शॉपफ्लोअरवर सगळे एएस फोर हंड्रेडच म्हणतात, मीही तेच म्हणणार. आमचं मशीन पहिल्यांदा उभं केलं ते तिकडच्या लोकांनी, जर्मन भाषेत. ईआरपी, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणारी प्रणाली, आरपीजी या त्या मशीनवरच्या भाषेत लिहिलेली. बाहेर जाणारे मेल दोन वाटांनी जातात. घरातल्या सूचना, म्हणजे स्टॉक संपला, बॅच जॉब पडला वगैरे, जुन्या एसएनडीडीएसटी आज्ञेने जातात. कस्टमरला पीडीएफ चलन जोडून जाणारे मेल मशीनवरच चालणारा एक छोटा जावा प्रोग्रॅम पाठवतो. तो आउटबॉक्स नावाच्या फाइलमधून पत्ता वाचतो आणि एक्स्चेंजच्या २५ नंबर पोर्टवर मेल सोडतो.

§ ची गोष्ट लगेच सांगत नाही. 'मेल गेला नाही' या तीन शब्दांमागे चार-पाच वेगळी कारणं दडलेली असतात, आणि ती आधी बाजूला काढली नाहीत तर भलत्याच ठिकाणी खणत बसाल.

मेल मशीनबाहेर पडला का, हे आधी ठरवा

एसएनडीडीएसटीच्या वाटेने जाणाऱ्या मेलसाठी क्यूयूएसआरएसवायएस लायब्ररीतलं क्यूझेडएमएफ जर्नल, म्हणजे नोंदवही, बघा. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) सेटिंगमध्ये जर्नलिंग चालू केलेलं असेल तर मेल कुठून आला, कोणाकडे निघाला, समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं, सगळं तिथे सापडतं. चालू केलेलं नसेल तर ते आधी करा, आणि पुढच्या वेळी मेल अडकेपर्यंत थांबा. त्याशिवाय तुम्ही अंधारात चाचपडताय.

जर्नलमध्ये काहीच नसेल तर क्यूएसवायएसडब्ल्यूआरके सबसिस्टीममध्ये क्यूएमएसएफ नावाचे जॉब चालू आहेत का, आणि एसएमटीपी सर्व्हर उठलाय का, ते पाहा. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आयपीएल (मशीन बंद करून पुन्हा चालू करणं) होतो आणि सोमवारचे मेल तुंबतात, असं एक वर्षभर चाललं होतं. मशीन उठल्यावर चालणाऱ्या स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये टीसीपी/आयपी उठायच्या आधीच पुढच्या ओळी पळत होत्या. मधे थोडं थांबायला सांगितलं, प्रश्न मिटला. एक सावधगिरी: मेल सर्व्हर फ्रेमवर्क पुन्हा सुरू करताना 'क्लिअर' हा पर्याय कोणी सुचवला तर मान डोलावू नका. त्याने रांगेतले सगळे मेल पुसले जातात. 'रिझ्यूम'च द्या.

मेल बाहेर पडला, पण पाठवणाऱ्याचा पत्ता विचित्र दिसतोय, मधे प्रश्नचिन्ह आहे? हा तर या मशीनचा जन्मखुणेसारखा प्रकार आहे. एएस/४०० ची मूळ टपालव्यवस्था स्नॅड्सची. त्यात माणसाचा पत्ता दोन तुकड्यांत असतो, युजर आयडी आणि ॲड्रेस, प्रत्येकी जास्तीत जास्त ८ अक्षरं. आपला आजचा लांबलचक ईमेल पत्ता त्यात कुठला बसायला. म्हणून सिस्टीम डिरेक्टरीत प्रत्येक युजरला वेगळं एसएमटीपी नाव जोडावं लागतं: डब्ल्यूआरकेडीआयआरई उघडा, युजरसमोर बदलाचा पर्याय घ्या आणि एफ१९ दाबा. ते नाव दिलेलं नसेल तर मशीन ते दोन तुकडे प्रश्नचिन्हाने जोडून पत्ता बनवतं आणि पुढे ढकलतं. काही मेल सर्व्हर तो मुकाट्याने घेतात, काही स्पॅम समजून फेकतात. नवीन माणूस रुजू झाला की त्याचेच मेल जात नाहीत, असं असेल तर नव्वद टक्के वेळा कारण हेच.

घरातल्या लोकांना मेल पोहोचतो आणि कस्टमरला नाही, जर्नलमध्ये ५५० ५.७.१ आणि 'अनेबल टू रिले' असं दिसतं, तर दुखणं एक्स्चेंजच्या बाजूला आहे. एक्स्चेंज आपल्या डोमेनचे मेल कोणाकडूनही घेतं, पण बाहेरच्या डोमेनचा मेल अनोळखी मशीनने दिला तर पुढे पोहोचवत नाही, आणि ते योग्यच आहे. एएस/४०० साठी एक्स्चेंजमध्ये वेगळा रिसीव्ह कनेक्टर (मेल आत घ्यायचं दार) बनवा, त्यात फक्त त्या एका मशीनचा आयपी लिहा आणि तेवढ्याच कनेक्टरला रिलेची, म्हणजे मेल बाहेर पोहोचवायची, परवानगी द्या. 'सध्या सगळ्या नेटवर्कला देऊन टाकू, नंतर बघू' म्हणणारा एखादा उत्साही इंजिनिअर प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला आवरा, नाहीतर एखाद्या व्हायरस शिरलेल्या पीसीवरून तुमच्या नावाने रातोरात हजारो मेल निघतील.

इथेच 'कधी जातो, कधी नाही' याचं एक छुपं कारण आहे. एएस/४०० ला बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त आयपी असतात. दोन नेटवर्क कार्डं असतील किंवा व्हर्च्युअल आयपी असेल तर मेल कधी एका पत्त्यावरून निघतो, कधी दुसऱ्यावरून. कनेक्टरमध्ये एकच लिहिलेला असेल तर निम्मे मेल परत. म्हणून चाचणी करायची ती एएस/४०० च्या हिरव्या स्क्रीनवरूनच, टेलनेट आज्ञेला २५ पोर्ट देऊन. स्वतःच्या लॅपटॉपवरून केलेली चाचणी इथे काही कामाची नाही, कारण कनेक्टर आयपी बघून निर्णय घेतो.

शेवटचं कारण टीएलएस, म्हणजे मेल वाटेत कुलूपबंद ठेवायची पद्धत. मेल क्लाउडवर गेले आणि एएस/४०० जुन्याच व्हर्जनवर राहिलं, की दोघांना एकमेकांची कुलूपकिल्ली जमत नाही. टीएलएस १.२ हे आयबीएम आयच्या ७.१ व्हर्जनला, तेही टेक्नॉलॉजी रिफ्रेश ६ पासून आलं. व्ही५आर४ वर बसलेल्यांनी त्याची वाट बघू नये, त्या व्हर्जनचा सपोर्ट सप्टेंबर २०१३ मध्येच संपला. मधे एक छोटं लिनक्स मशीन ठेवा आणि त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाका. एएस/४०० आतून त्याला साधा मेल देईल आणि पोस्टफिक्स बाहेरच्यांशी आजच्या भाषेत बोलेल. मशीन बदलायला बजेट मिळत नाही, पण जुना पीसी स्टोअरमध्ये सापडतोच.

हे सगळं आमच्याकडे ठीक होतं. म्हणजे बाकी उरला तो §.

बाइट तोच, चिन्ह दुसरं

जावा प्रोग्रॅमचा लॉग उघडला. एवढ्या दिवसांत तो कोणी उघडलाच नव्हता. प्रत्येक अडकलेल्या मेलसाठी एकच ओळ: 'मिसिंग फायनल @डोमेन'. म्हणजे प्रोग्रॅमला पत्त्यात @ सापडतच नव्हता. मग आम्हाला एरर का दिसली नाही? कारण जावा प्रोग्रॅमला हाक मारणाऱ्या सीएल (मशीनच्या आज्ञांच्या भाषेतल्या) प्रोग्रॅममध्ये कोणीतरी एमओएनएमएसजी सीपीएफ०००० अशी ओळ लिहून ठेवली होती, म्हणजे सीपीएफ गटातली कुठलीही एरर आली तरी बोलू नकोस, पुढे चल. आणि पुढे चालून तो रेकॉर्डवर 'पाठवला' असा शिक्का मारायचा. ही ओळ लिहिणाऱ्याला मी ओळखतो. आरशात रोज दिसतो.

आता मूळ मुद्दा. पीसी अक्षरं आस्की किंवा युनिकोडमध्ये ठेवतो, एएस/४०० ठेवतं एबसिडिकमध्ये. हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते हे, की एबसिडिक एकच नाही. देशागणिक त्याची वेगळी कोड पेजेस, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं चिन्ह याची कोष्टकं, आहेत. ए ते झेड, ० ते ९, टिंब, आडवी रेघ, अंडरस्कोअर, या गोष्टी अमेरिकन ०३७ आणि जर्मन २७३ मध्ये एकाच बाइटवर बसतात. पण काही जागा प्रत्येक देशाने आपापल्या गरजेप्रमाणे वाटून घेतल्या, आणि @ नेमका त्या जागांपैकी एक आहे. अमेरिकन ०३७ मध्ये @ म्हणजे हेक्स (सोळाच्या पायात लिहिलेला बाइटचा आकडा) ७सी. जर्मन २७३ मध्ये @ म्हणजे बी५, आणि ७सी या घरात तिथे राहतो §. फ्रेंच २९७ मध्ये @ आणखी तिसरीकडेच आहे, ४४ वर.

म्हणजे ईमेल पत्त्यात जी चिन्हं लागतात त्यांतलं जवळजवळ सगळं सगळीकडे सारखं, आणि जे एक चिन्ह नसेल तर पत्ता पत्ताच राहत नाही, तेच नेमकं फिरतं. एबसिडिकची ही कोष्टकं ठरली तेव्हा @ ला फारसं काम नव्हतं. ईमेलने त्याला डोक्यावर बसवलं, पण घर बदलायला कोणी सांगितलं नाही.

ताईंच्या पीसीवरचा टर्मिनल इम्युलेटर, म्हणजे एएस/४०० ची स्क्रीन पीसीवर दाखवणारा प्रोग्रॅम, ०३७ वर होता. त्यांनी @ दाबला, इम्युलेटरने ७सी पाठवला. मशीनवर क्यूसीसीएसआयडी ही सिस्टीम व्हॅल्यू ६५५३५, म्हणजे 'कशाचंही रूपांतर करू नका, आलं तसं ठेवा'. डिस्प्ले फाइलही डीफॉल्टने डिव्हाइसवरून आलेला बाइट जसाच्या तसा घेते. ७सी फाइलमध्ये जाऊन बसला. पुन्हा स्क्रीनवर काढला की त्यांचा इम्युलेटर ७सी ला @ म्हणूनच दाखवणार. एकदाच काय, तीनशे वेळा बघितला असता तरी बरोबरच दिसला असता. पण फाइलवर सीसीएसआयडी, म्हणजे कोड पेजचा नंबर, २७३ असा शिक्का आहे. जावा ते फील्ड वाचताना शिक्का बघून युनिकोडमध्ये बदलतो, आणि ७सी चा होतो §. माझा इम्युलेटर पहिल्या दिवसापासून २७३ वर, म्हणून मलाही §.

दोन खुणांनी हे आधीच कळायला हवं होतं. एक्सेलमधून डेटा ट्रान्सफरने चढवलेल्या कस्टमरांचे मेल कधीच अडकले नव्हते, फक्त हाताने टाइप केलेल्यांचे अडकायचे. ट्रान्सफर फाइलचा शिक्का बघून रूपांतर करतो, त्यामुळे त्याचा @ बी५ वरच बसतो. दुसरी खूण जास्त गमतीची. डिस्पॅचच्या स्क्रीनवर जर्मनीहून आलेल्या पार्टच्या वर्णनात अधूनमधून महिरपी कंस दिसायचे. तिथल्या दोन टिंबांच्या 'यू'चा बाइट डी०, आणि ०३७ मध्ये डी० म्हणजे उजवा महिरपी कंस. दोन टिंबांच्या 'ए'चा बाइट सी०, तो डावा. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं तो कंस बघितला आणि 'जर्मन लोक असंच लिहितात' म्हणून सोडून दिला. मीही कोणाच्या टेबलाशी उभा राहून तो बघितला असेल, आणि मीही सोडूनच दिला असेल.

मग दर दीड-दोन महिन्यांनीच का?

कारण नवीन पीसी दर दीड-दोन महिन्यांनी येतो.

जुन्या पीसींवरची सेशनची फाइल तिकडून आलेली होती, तिच्यात होस्ट कोड पेज २७३. हार्डवेअरवाला मुलगा नवीन लॅपटॉप लावतो, ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्स (आयबीएमचं इम्युलेटरचं सॉफ्टवेअर) टाकतो, नवीन सेशन बनवतो, सिस्टीमचं नाव लिहितो आणि ओके करतो. विंडोज इंग्रजीत असल्यामुळे कोड पेज आपोआप ०३७ युनायटेड स्टेट्स. लॉगिन होतं, मेनू दिसतो, प्रिंट निघते. सगळं चालतंय म्हणून तो पुढच्या टेबलावर जातो. त्या लॅपटॉपवरून पहिला नवीन कस्टमर भरला जाईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. इथे 'पत्ता नसतो' दोन्ही अर्थांनी घ्या.

तुमच्याकडे कोणत्या पीसीवर काय आहे हे टेबलाटेबलावर न जाताही कळतं. इम्युलेटर जोडला गेला की मशीन क्यूपीएडीईव्ही नावाचं डिव्हाइस आपोआप बनवतं, आणि त्याच्या वर्णनात कीबोर्डचा प्रकार लिहिलेला असतो. जर्मन असेल तर एजीबी, अमेरिकन असेल तर यूएसबी. हे पेनड्राइव्हवालं यूएसबी नव्हे. आमच्याकडे ४१ सेशन निघाले, त्यांतले ९ यूएसबी. नऊच्या नऊ पीसी नंतर घेतलेले.

दुरुस्ती तिथूनच सुरू केली. २७३ ची एक सेशन फाइल बनवली, ती शेअरवर ठेवली, आणि 'नवीन सेशन बनवायचं नाही, हीच फाइल कॉपी करायची' असं हार्डवेअरवाल्याच्या चेकलिस्टमध्ये घातलं. कीबोर्ड बदलायची भीती अनेकांना वाटते. गरज नाही. इम्युलेटर विंडोजकडून अक्षर घेतो आणि होस्टच्या पेजात बदलतो, त्यामुळे शिफ्ट आणि २ दाबून @ च येतो, फक्त आता तो बी५ म्हणून जातो.

एक इशारा मात्र आधीच देऊन ठेवा. सेशन २७३ वर नेलं की आधी चुकीचा बसलेला प्रत्येक @ त्या स्क्रीनवर § दिसू लागतो. काल बरोबर दिसणारे पत्ते आज बिघडलेले दिसतात. अकाउंट्समधले काका थेट आमच्या साहेबांकडे गेले: "यांनी काहीतरी केलं आणि सगळे पत्ते खराब झाले." पत्ते आधीच खराब होते, आता ते दिसू लागले, हे समजावायला माझा अर्धा तास गेला. रिमार्कच्या फील्डमध्ये तर आणखी मजा. ०३७ चं उद्गारचिन्ह ५ए वर, आणि २७३ मध्ये ५ए म्हणजे टिंबवाला मोठा 'यू'. 'अर्जंट' लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं देणाऱ्या प्रत्येकाच्या शेऱ्यामागे तीन जर्मन 'यू' ओळीने उभे राहिले.

क्यूसीसीएसआयडीच ६५५३५ वरून २७३ करून टाकू, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पुस्तकाप्रमाणे तो बरोबर आहे. पण एकट्या त्याने काम होत नाही. डिस्प्ले फाइलने जॉबचा सीसीएसआयडी वापरावा म्हणून क्यूसीएचआरआयडीसीटीएल ही व्हॅल्यूही बदलावी लागते. आणि वीस-पंचवीस वर्षं रूपांतराशिवाय चाललेल्या मशीनवर रूपांतर अचानक चालू केलं, तर कोणत्या फाइलवर कोणता चुकीचा शिक्का आहे ते त्या दिवशी कळतं, एका वेळी एक, फोनवरून. टेस्ट पार्टिशन असेल तर तिथे करून बघा. चालू मशीनवर मी केलं नाही, आणि करणारही नाही.

त्याऐवजी दारातच पहारा बसवला. कस्टमरचा पत्ता जिथे भरला जातो त्या आरपीजी प्रोग्रॅममध्ये, फाइलमध्ये लिहायच्या आधी, एक ओळ: एक्सलेट फंक्शनने हेक्स ७सी चा हेक्स बी५ करा. दोन्ही हेक्समध्येच लिहायचे. तिथे कोटात @ लिहिलात तर प्रोग्रॅम कोणाच्या सेशनवर टाइप झाला यावर पुन्हा सगळं अवलंबून राहील, म्हणजे चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यासारखं. नेहमीच्या आस्की ईमेल पत्त्यात § येऊच शकत नाही, त्यामुळे २७३ च्या मशीनवर ही अदलाबदल डोळे झाकून करता येते. रिमार्क, नाव, वर्णन या फील्डना मात्र हे लावू नका. जर्मन ऑफिस करारांच्या उल्लेखात § खरोखर वापरतं.

तुमचं मशीन ०३७ चं असेल आणि पीसी भलतीकडे, तर आकडे बदलतील, पद्धत हीच. ५०० असेल तर @ ची चिंता नको, तिथेही तो ७सी वरच आहे. पण ०३७ ची उभी रेघ ५०० मध्ये उद्गारचिन्ह होते. उभ्या रेघेने फील्ड वेगळी करून मेलला फाइल जोडत असाल तर समोरच्याचा प्रोग्रॅम तिथे आपटतो.

जुने पत्ते साफ करताना: पाटील आणि गायकवाड

साफसफाईसाठी हिरव्या स्क्रीनवरचं एसक्यूएल वापरू नका. तिथे तुम्ही टाइप केलेला @ नेमका कोणता, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्समधली एसक्यूएल स्क्रिप्टची खिडकी युनिकोडमध्ये चालते आणि फाइलचा शिक्का पाळते. तिथे § शोधलात तर § च सापडतो.

मी मात्र हुशारी करायला गेलो. म्हटलं, चिन्हांवर विश्वासच नको, सरळ हेक्स बघू. हेक्स फंक्शनने पत्ता उलगडला आणि त्या अक्षरमाळेत '७सी' कुठे सापडतं ते लाइकने शोधलं. जवळजवळ निम्मी फाइल निकालात आली. आमच्या ईआरपीत पत्ते मोठ्या लिपीत ठेवतात. यादी वर-खाली केली तर पाटील, गायकवाड, देशपांडे, फडके, भगत. आडनाव बघून बिघडणारा बग मी पहिल्यांदाच बघत होतो.

कागद घेऊन एक नाव उलगडलं तेव्हा उमजलं. इंग्रजी मोठा पी म्हणजे डी७, मोठा ए म्हणजे सी१. शेजारी ठेवले की डी७सी१. आता मधले दोन वाचा: ७सी. एका बाइटची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं मिळून तिसराच प्राणी. मोठ्या जी चा बाइट सी७, म्हणून गायकवाडही त्याच जाळ्यात. हेक्समध्ये शोधायचंच असेल तर सापडलेली जागा विषम आहे का ते तपासा, पहिला बाइट १ वर, दुसरा ३ वर, असं. ते न करता थेट अपडेट चालवलं असतं तर डी७सी१ चं डीबी५१ झालं असतं आणि यादीतल्या एकाही पाटलाला मेल गेला नसता.

म्हणून क्रम असा ठेवा. फाइलची प्रत काढा. स्क्रिप्टच्या खिडकीत § असलेले पत्ते मोजा आणि यादी डोळ्यांखालून घाला. मग रिप्लेसने § चा @ करा. नंतर ज्या पत्त्यांत @ अजिबात नाही आणि ज्यांत दोन @ आहेत, अशांची वेगळी यादी काढा. ते वेगळ्या कारणाने मोडलेले असतात, बहुधा घाईने. आमच्याकडे § वाले २१४ निघाले आणि @ नसलेले ६. त्या सहापैकी एका ठिकाणी पत्त्याच्या जागी नुसतं 'फोन करणे' असं लिहिलं होतं.

पत्ते फक्त फाइलीत नसतात, हेही विसरू नका. आमच्या दोन सीएल प्रोग्रॅममध्ये पत्ता थेट कोटात लिहिलेला होता, आणि त्यातला एक ०३७ च्या सेशनवर दुरुस्त केलेला. सोर्समध्ये कोटातला @ म्हणजे नुसता एक बाइट, त्याला कोणी सांगत नाही की तू कोणत्या देशाचा. ते दोन्ही पत्ते काढून एका छोट्या कंट्रोल फाइलमध्ये नेले.

सीपीएफ०००० वरची ती गप्प बसवणारी ओळही काढली. आता मेल पडला की रेकॉर्डवर 'अडकला' असा वेगळा शिक्का बसतो आणि माझ्या मेसेज क्यूवर निरोप येतो. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन यायचे, तेव्हा जुन्या गप्पपणाची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

यानंतर रात्रीच्या जॉबमध्ये § मोजणारी एक क्वेरी टाकली. तीन आठवडे शून्य. चौथ्या आठवड्यात, बुधवारी रात्री, एक.

दारातला पहारा असताना हा आत आला कसा? फाइलला जर्नल लावलेलं होतं आणि त्यात रिमोट पत्ता नोंदवायचा पर्यायही चालू ठेवला होता, त्यामुळे कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या आयपीवरून लिहिलं ते पाच मिनिटांत निघालं. प्रोग्रॅम होता गेट एंट्रीचा. ट्रान्सपोर्टवाल्याचा मेल पत्ता तिथेही भरता येतो, हे मला माहीतच नव्हतं. आणि आयपी होता वॉचमनच्या केबिनमधल्या पीसीचा. माझ्या ४१ च्या मोजणीत तो आला नव्हता, कारण त्या दिवशी तो बंद होता.

संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन सेशन फाइल बदलली. सिक्युरिटीवाले मामा शेजारी उभे राहून बघत होते. स्क्रीन नव्याने उघडली, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, ते कंस गेले की." गेट एंट्रीच्या प्रोग्रॅममध्ये तीच एक ओळ दुसऱ्या दिवशी टाकली.